विंडोज १० नंतर जुन्या लॅपटॉपचं काय करायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मोफत अपडेट देणं थांबवलं. २९ जुलै २०१५ ला आलेली ही प्रणाली दहा वर्षं चालली. घरातल्या पोरांचा अभ्यास, डीटीपीवाल्यांच्या लग्नपत्रिका, सीएच्या ऑफिसातलं टॅली, ग्रामपंचायतीतले दाखले, सगळं तिच्यावरच होत होतं. मुदत संपली म्हणून कुठलाही लॅपटॉप बंद पडला नाही. पण ‘आता याचं काय करायचं?’ हा प्रश्न मात्र प्रत्येक घरात आला, आणि दुकानात गेलं की त्याची दोनच उत्तरं मिळतात. एक, ‘नवीनच घ्या’. दुसरं, ‘थांबा, विंडोज ११ मारून देतो’. माझ्या मते दोन्ही उत्तरं घाईची आहेत. लॅपटॉप किती जुना आहे यापेक्षा त्यावर रोज कोणतं काम होतं, यावर खरं उत्तर ठरतं. ते काम नीट तपासलं, तर दहापैकी बहुतेक लॅपटॉप आणखी काही वर्षं सुखाने चालतील असे असतात.

आधी मुदत संपते म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. विंडोजमध्ये दर महिन्याला सुरक्षेच्या नव्या फटी सापडतात आणि अपडेटमधून त्या बुजवल्या जातात. मुदत संपल्यावर फटी सापडत राहतात, बुजवणं थांबतं. हा धोका कागदावरचा नाही. जून २०१७ च्या अखेरीस न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं, मर्स्क समूहाच्या ताब्यातलं टर्मिनल ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅममुळे ठप्प झालं. तो जगभर ज्या वाटांनी पसरला त्यातली एक वाट विंडोजमधल्या अशाच एका फटीतून जाणारी होती, आणि ती बुजवणारं अपडेट मार्च २०१७ मध्येच आलेलं होतं. अपडेट हाताशी असून ते सगळीकडे पोचलं नाही तर एवढं होतं. विंडोज १० ला तर यापुढे ते आपोआप येणारच नाही.

त्याच वेळी घाबरवून नवा लॅपटॉप गळ्यात मारणाऱ्यांचंही खरं मानू नये. विंडोजबरोबर येणाऱ्या डिफेंडरला नव्या व्हायरसची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. एज ब्राउझरलाही किमान तोपर्यंत अपडेट येतील. म्हणजे ब्राउझर आणि अँटिव्हायरस ताजे राहतील, खालची प्रणाली मात्र शिळी होत जाईल. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांची मुदतही त्याच १४ ऑक्टोबरला संपली, हे अनेकांच्या लक्षातच आलेलं नाही. मेलमधून आलेली वर्ड-एक्सेलची फाइल उघडताना ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

सगळ्यात सोपा रस्ता आहे तो मुदतवाढीचा, आणि दुकानात त्याचं नाव क्वचितच निघतं. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ म्हणजे ईएसयू ही सोय दिली आहे. तिच्यामुळे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतात. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. ३० डॉलर किंवा तेवढी स्थानिक रक्कम आणि कर भरून ती घेता येते. मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट असतील तर त्यावरही मिळते. आणि आपल्या विंडोजची सेटिंग्ज वनड्राइव्हवर बॅकअपला लावली, तर एकही रुपया द्यावा लागत नाही. वनड्राइव्हवर मोफत जागा ५ जीबीच आहे. म्हणून तिथे फोटो-व्हिडिओ चढवू नयेत, फक्त सेटिंग्ज जाऊ द्यावीत. एका खात्यावर दहा मशीनपर्यंत ही सोय वापरता येते, त्यामुळे घरातले सगळे लॅपटॉप एकाच वेळी मार्गी लागतात. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. कंपनीच्या डोमेनला जोडलेल्या मशीनला मात्र ही घरगुती योजना लागू नाही. त्यांच्यासाठीची योजना वेगळी आहे, पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट.

ज्यांना काहीच ठरवता येत नाही, त्यांनी आज संध्याकाळी एवढंच करावं असं माझं म्हणणं आहे. विचार करायला वेळ मिळतो आणि त्या वेळात मशीन उघडं राहत नाही.

आता विंडोज ११ कडे. ती ५ ऑक्टोबर २०२१ ला आली आणि तिच्या अटींनी लाखो चांगली मशीन बाहेर ठेवली. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या अटी किरकोळ आहेत. अडतं ते टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट आणि प्रोसेसर या तिघांपाशी. त्यातही खरा अडसर प्रोसेसरचा. आपला प्रोसेसर बसतो का हे पाहायला कुणाची गरज नाही. ‘धिस पीसी’वर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडलं की प्रोसेसरचं नाव दिसतं. समजा तिथे ‘कोअर आय-५ ७२००-यू’ असं लिहिलं आहे. ७२०० मधला पहिला ७ म्हणजे सातवी पिढी. विंडोज ११ ला इंटेलची आठवी लागते, म्हणजे हा लॅपटॉप बाहेर. तिथे ८२५०-यू असतं तर तो आत. आठव्या पिढीचे पहिले प्रोसेसर ऑगस्ट २०१७ मध्ये आले. म्हणजे २०१७ च्या गणपतीत घेतलेला लॅपटॉप बाद आणि पुढच्या वर्षीच्या पाडव्याला घेतलेला बहुधा पात्र, अशी ही रेषा आहे. एएमडीमध्ये ती साधारण रायझन २००० मालिकेपाशी येते.

टीपीएमवरून मात्र निराश होऊ नये. २०१६ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती सोय प्रोसेसरच्या आतच असते, फक्त काही वेळा बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मशीनमध्ये ती ‘पीटीटी’ या नावाखाली सापडते. प्रोसेसर आठव्या पिढीचा असूनही ‘तुमचा लॅपटॉप चालत नाही’ असं सांगितलं गेलं असेल, तर आधी हे बटण पाहावं. दुसरी अडचण जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने टाकलेल्या विंडोजची. त्यात डिस्कची मांडणी बदलून यूईएफआय पद्धतीवर जावं लागतं. विंडोजमध्येच त्यासाठी साधन आहे, पण ते चालवण्यापूर्वी डाटाची प्रत काढलीच पाहिजे.

अटी इतक्या कडक का, याचं मायक्रोसॉफ्टने दिलेलं कारण अगदीच पोकळ नाही. नव्या प्रोसेसरमध्ये प्रणालीचा गाभा वेगळ्या कप्प्यात ठेवून राखण्याची सोय असते आणि ती वापरली तरी मशीन फारसं मंदावत नाही. कंपनीच्या २०२१ मधल्या चाचण्यांत अटी न पाळणाऱ्या मशीनमध्ये गाभ्यातले क्रॅश ५२ टक्क्यांनी जास्त आढळले होते. तरीही सातव्या पिढीचा, टीपीएम २.० असलेला, धडधाकट लॅपटॉप केवळ यादीत नाव नाही म्हणून बाद करणं मला पटत नाही. कनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज दिला होता की विंडोज १० बंद झाल्याने जगभरात सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतील. त्यातले कित्येक अजून चालते असणार.

मग ‘विंडोज ११ मारून देतो’ याचा अर्थ काय? अटींची तपासणी वगळून ती टाकता येते. रुफस नावाच्या मोफत प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह बनवताना टीपीएम आणि सिक्युअर बूटची अट काढण्याचा पर्याय समोरच येतो. टाकल्यावर ती चालतेही, आणि महिन्याचे अपडेट सहसा येतात. पण असं मशीन अपडेटला पात्र असल्याची हमी नाही, हे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलं आहे. वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती तर आपोआप येतच नाही. दर वेळी नवी फाइल उतरवून तीच कसरत करावी लागते. आणि २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून एक दार पक्कं बंद झालं. प्रोसेसरला पॉपसीएनटी आणि एसएसई ४.२ या सूचना येत नसतील, तर ती सुरूच होत नाही. कोअर टू ड्युओच्या काळातली मशीन तिथेच संपली.

माझं मत असं की सहाव्या-सातव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम आणि घरात स्वतः ही कसरत करणारं कुणी असेल, तर हा मार्ग धरायला हरकत नाही. आईबाबा गावी असतील आणि वर्षातून एकदा कुणीतरी लॅपटॉपकडे पाहणार असेल, तर धरू नये.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण प्रणाली बदलून जे मिळत नाही ते हिच्यातून मिळतं. ‘लॅपटॉप स्लो झालाय’ या तक्रारीचं मूळ पाहायचं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. मशीन सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं ‘डिस्क’च्या रकान्यात १०० टक्के आकडा लालभडक दिसत असेल आणि प्रोसेसर वीस-तीस टक्क्यांवर असेल, तर दोष विंडोजचा नाही आणि प्रोसेसरचाही नाही. आत मिनिटाला ५४०० फेरे घेणारी जुनी हार्ड डिस्क आहे, आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत थांबले आहेत. त्या जागी २.५ इंची साटा एसएसडी बसवली की तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात टिळक रोडवर हे काम समोर बसून करून मिळतं. दोन स्क्रू जास्तीचे असले तरी घरीही जमतं. घेताना जाडी पाहावी. बहुतेक एसएसडी ७ मिलिमीटरच्या असतात आणि जुन्या डिस्कची जागा ९.५ मिलिमीटरची असेल तर सोबत प्लॅस्टिकची चौकट लागते. रॅमचं तसं नाही. काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते. शिवाय डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांच्यात व्होल्टेजचा फरक असतो, आणि तो न पाहता घेतलेली पट्टी परत घ्यायला दुकानदार तयार नसतो. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिप महागल्या आहेत, म्हणून ८ जीबीच्या पुढे जाण्याआधी गरज पाहावी. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, तर मात्र प्रणालीचा विचार नंतर. आधी ती बॅटरी बाहेर काढून घ्यावी.

आता लिनक्स. त्याचं नाव काढलं की ‘ते इंजिनिअर लोकांचं’ असं म्हटलं जातं, पण ते चित्र जुनं झालं आहे. केरळमधल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवत आहेत. सीडॅकने ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स बनवली. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये ‘माया’ ही उबंटूवर आधारलेली प्रणाली आपल्या संगणकांवर आणायला घेतली. घरगुती वापरासाठी मी लिनक्स मिंट सुचवतो. तिचा खालचा पट्टा, डाव्या कोपऱ्यातला मेनू, खिडक्या बंद करायची फुली, सगळं विंडोजवाल्याच्या हाताला सवयीचं वाटतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ४ जीबी रॅम असेल तर तिची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी, ८ असेल तर सिनॅमन. ब्राउझर, यूट्यूब, वेबवरचं व्हॉट्सॲप, सातबारा, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, ऑनलाइन क्लास, यांपैकी कशालाही विंडोज लागत नाही. सगळं ब्राउझरमध्येच होतं.

लिनक्सचा मोठा गुण हा की ती टाकण्याआधी चालवून पाहता येते. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती उतरवायची, लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा, आणि डिस्कला हात न लावता तासभर वापरायचा. त्या तासात वायफाय जोडून पाहा, आवाज ऐका, ब्राइटनेस कमी-जास्त करा, झाकण मिटून पुन्हा उघडा, कॅमेरा लावा. ब्रॉडकॉम किंवा रिअलटेकचं वायफाय कार्ड असलं तर इथेच कळतं की वेगळा ड्रायव्हर लागणार. आणि प्रिंटर जोडून पाहाच. एचपीचे बरेचसे प्रिंटर लगेच ओळखले जातात. पण आपल्याकडे दुकानादुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर चालवणं हे डोकेदुखीचं काम आहे. तो ज्याचा रोजचा प्रिंटर आहे त्याने आधी एक पान छापून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मराठी टायपिंगची चिंता अनेकांना असते. युनिकोडमध्ये लिहिणाऱ्याला लिनक्समध्ये काहीच अडत नाही. इनस्क्रिप्ट आहे, उच्चारानुसार टाइप करायची सोय आहे आणि लिब्रेऑफिसला मराठी शब्दांची तपासणीही जोडता येते. फरक पडतो तो फॉन्टचा. मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट विंडोजबरोबर येतात, लिनक्समध्ये नसतात. तिथे लोहित किंवा नोटो देवनागरी येतं, अक्षरांची रुंदी बदलते आणि चार पानांचा अर्ज साडेचार पानांवर जातो. बाहेर पाठवायची फाइल पीडीएफ करून पाठवली की हा प्रश्न उरत नाही.

पण डीटीपीवाल्यांचं दुखणं वेगळं आहे, आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही म्हणून मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सीडॅकच्या आयएसएमचे सुरेखसारखे फॉन्ट आणि त्यांच्या जोडीला पेजमेकर, यांवर दोन-तीन दशकांची पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल जुळलेले आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली. या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड नाही. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा गुंता दिसतो. अशा ऑफिसने मशीन बदलताना ‘फॉन्ट कॉपी केले की झालं’ असं समजू नये. डोंगलचा ड्रायव्हर, कीबोर्डचा लेआउट आणि सॉफ्टवेअरची परवान्याची सीडी हे सगळं नव्या विंडोजवर चालतं का, ते विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावं. माझा सल्ला असा की सर्वांत बरं चालणारं एक विंडोज १० मशीन इंटरनेटपासून कायमचं तोडून जुन्या फाइलींसाठी ठेवावं. मेल आणि ऑर्डरी दुसऱ्या मशीनवर घ्याव्यात. आणि जुना मजकूर सवडीने युनिकोडमध्ये आणत राहावा. परिवर्तक वापरल्यावर ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’, ‘ॲड.’ हे शब्द मुद्दाम शोधून तपासावेत. अर्ध्या र ची ही खूण आणि ॲ हे अक्षर रूपांतरात सर्वांत आधी बिघडतं. ॲ तर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते २००८ मध्ये.

टॅली वापरणाऱ्यांनी लिनक्सच्या वाटेला जाऊ नये. ते विंडोजसाठीच बनलेलं आहे. महाटेंडर्सवर निविदा भरणारे ठेकेदार, डिजिटल सहीचं टोकन लावून विवरणपत्रं भरणारे सल्लागार यांनीही विंडोजवरच राहावं. टोकनचे लिनक्स ड्रायव्हर काही ठिकाणी मिळतात, पण शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी ते शोधत बसण्यात अर्थ नाही. या मंडळींसाठी ईएसयू किंवा नवं मशीन हाच सरळ हिशेब आहे, कारण त्यांचा एक बुडालेला दिवस मशीनच्या किमतीपेक्षा महाग पडतो.

बाकीचे पर्याय थोडक्यात. गुगलची क्रोमओएस फ्लेक्स मोफत आहे आणि फक्त ब्राउझर वापरणाऱ्याला पुरते, पण तिच्यात अँड्रॉइडची ॲप चालत नाहीत. ३२ बिटचा प्रोसेसर असलेल्या जुन्या नेटबुकचा काळ जवळपास सरला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्यांच्यासाठीचा इन्स्टॉलरच काढून टाकला. इंटेलवाल्या मॅकबुकसाठी मॅकओएस २६ टाहो ही शेवटची आवृत्ती आहे. ती न चालणाऱ्या जुन्या मॅकवर ओपनकोअर लेगसी पॅचर वापरून नवी प्रणाली टाकतात, पण प्रत्येक अपडेटला धाकधूक राहते.

कोणताही रस्ता धरा, आधी प्रत काढा. दुकानात ‘डी ड्राइव्हला काही होत नाही’ असं सांगतात, पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे फोल्डर सी ड्राइव्हवरच असतात. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, टॅलीचा डाटा फोल्डर, स्कॅन केलेली कागदपत्रं आणि फॉन्टचा फोल्डर आठवणीने बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून दोन-चार फाइली उघडून पाहा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर बिटलॉकरची ४८ अंकी की कागदावर उतरवून ठेवा, कारण बायोसमधलं टीपीएमचं सेटिंग बदललं की मशीन तीच मागतं. विंडोज २४एच२ कोरी टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केली तर हे एन्क्रिप्शन बहुतेक मशीनवर आपोआप लागतं, हेही माहीत असावं. बायोस अपडेट करायचं असेल तर चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी. लोडशेडिंगच्या दिवशी ते काम काढू नये.

आणि चोरीची विंडोज घेऊ नका. लॅपटॉपबरोबर विंडोज ८ किंवा नंतरची अधिकृत आली असेल, तर तिची की मदरबोर्डमध्येच कोरलेली असते, आणि विंडोज १० एकदा ॲक्टिव्हेट झाली असेल तर तिचा डिजिटल परवाना त्या मशीनशी जोडलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेली विंडोज पुन्हा टाकली की नेट जोडताच ती स्वतः ॲक्टिव्हेट होते, तेही फुकट. असं असताना पाचशे रुपयांत ‘फॉरमॅट मारून’ वर ‘ॲक्टिव्हेटर’ बसवून दिला जातो, आणि तो बसावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद केला जातो. त्या फाइलीत आणखी काय आहे हे बसवणाऱ्यालाही माहीत नसतं. त्याच मशीनवर पुढे आपण बँकेचा पासवर्ड टाकतो. दुकानदाराला स्पष्ट सांगा, ‘माझी जी आहे तीच अधिकृत विंडोज परत टाका, क्रॅक नको.’

तुमचा लॅपटॉप आज विंडोज १० वर असेल, तर ईएसयूची नोंदणी आणि डाटाची एक प्रत, ही दोन कामं याच आठवड्यात उरकून घ्या. मशीन ठेवायचं की बदलायचं हे त्यानंतर शांतपणे ठरवता येईल. घरगुती ईएसयूची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते.